तपासणीच्या टेबलावरून : टॉप स्पीडची गाडी वेगळी, ट्रॅकची वेगळी

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की टॉप स्पीडसाठी बांधलेली मोटरसायकल तशीच वळणांच्या ट्रॅकवर आणू नका, आणि ट्रॅकची गाडी तशीच धावपट्टीवर नेऊ नका. त्यावर बरीच पत्रं आली. ट्रॅकवर सोडण्याआधी गाड्या तपासणं हे माझं काम, त्यामुळे माझी उत्तरं इंजिनाकडे कमी आणि टायर, ब्रेक, बोल्ट यांच्याकडे जास्त झुकतात, हे आधीच सांगते. आणि इथे वेग म्हणजे फक्त बंद ट्रॅकवरचा किंवा बंद धावपट्टीवरचा, जिथे अँब्युलन्स हजर असते. वाहत्या रस्त्यावर टॉप स्पीड कसा काढायचा, असं विचारणाऱ्या पत्रांना मी उत्तर देत नाही आणि देणारही नाही.

ताई, माझ्या 600 सीसी गाडीला मूळचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) पुढे 16 आणि मागे 42 दातांचं. टॉप स्पीड वाढावा म्हणून मागे 39 दातांचं बसवलं. आधी सहाव्या गिअरमध्ये 13,500 आरपीएमला स्पीडोमीटर 262 दाखवायचा, आता 251 च्या वर काटा जातच नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन बसलं. खरंच बसलं असेल का?

इंजिन उघडू नका. आधी मला सांगा, तुमच्या गाडीचा स्पीड सेन्सर कुठे आहे? गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर की चाकावर? तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सेन्सर गिअरबॉक्सवर असेल, तर मागचं स्प्रॉकेट बदलल्याचं त्याला कळतच नाही. तो शाफ्टचे फेरे मोजतो आणि मागे 42 दात आहेत असं धरून वेग दाखवतो. म्हणजे आताचे 251 हे जुन्या मापात 251 गुणिले 42 भागिले 39, म्हणजे 270 झाले. तुमची गाडी आठ किलोमीटरने वाढली आहे आणि तुम्ही तिचं इंजिन खोलायला निघाला आहात! सेन्सर चाकावर असेल (एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत चाकावरचाच आकडा वापरतात), तर मात्र 251 हे जुन्या मापातलेच 251, आणि गाडी खरोखर अकराने कमी झाली.

सेन्सर शोधायचा नसेल तर आरपीएम बघा. 251 दाखवताना काटा 12,900 च्या आसपास असेल तर पहिली गोष्ट खरी, 12,000 च्या आसपास असेल तर दुसरी. पत्रात नेमका हाच आकडा राहून गेलाय.

दुसरी गोष्ट खरी निघाली, तरी इंजिन बसलेलं नाही. गिअरिंग लांब झालंय. 42 चे 39 केले की त्याच वेगाला इंजिन सात टक्के कमी फिरतं. त्या आरपीएमला इंजिनाकडे पूर्ण ताकद नसते आणि हवा तर तेवढीच अडवत असते. टॉप स्पीडला इंजिन त्याच्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमवर किंवा त्याच्या किंचित पुढे असावं, हा गिअरिंगचा नियम. म्हणून एकेक दात बदला, तीन-तीन नको. पुढचा एक दात म्हणजे मागचे अडीच-पावणेतीन दात, हेही ध्यानात ठेवा.

आणि हे काम करताना चेन नीट बघितलीत ना? मागचे तीन दात कमी झाले आणि चेन तीच ठेवली, की ताण बरोबर करायला चाक सुमारे 12 मिलिमीटर मागे सरकतं. अॅडजस्टरमध्ये तेवढी जागा उरली आहे का, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला चेन घासते का, हे टॉर्चच्या उजेडात बघून घ्या.

राहिला 262 चा आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 39 प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किलोमीटर इतकी मुभा आहे. म्हणजे मूळ स्प्रॉकेटवर 262 दिसले तेव्हा खरा वेग 235 ते 262 यांत कुठेही असू शकतो. केनान सोफुओलू या रेसरने 2016 मध्ये तुर्कस्तानातल्या ओस्मान गाझी पुलावर, तो वाहतुकीला खुला होण्याआधी, कावासाकी एच2आर 400 पर्यंत नेली. तो आकडाही गाडीच्याच मीटरवर दिसलेला होता. अधिकृत विक्रम असा धरत नाहीत. तिथे एकाच अंतरावर दोन्ही दिशांनी धावावं लागतं आणि सरासरी काढतात, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा निघून जातो. तुम्हीही जीपीएस लावा, दोन्ही दिशांनी धावा आणि सरासरी घ्या. मग स्प्रॉकेटचं ठरवू.

एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि ईसीयू मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग) बदलून 120 हॉर्सपॉवरचे 130 होतील, असं मला सांगितलंय. टॉप स्पीड किती वाढेल?

आज खरे 250 जात असाल तर सुमारे सात किलोमीटर. बस.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो सारायला लागणारी ताकद घनाने. वेग दहा टक्के वाढवायला ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. तुम्ही आठ टक्के वाढवताय, त्यातून वेग पावणेतीन टक्क्यांच्या आसपास मिळेल. हाच हिशोब उलटा करा: ताकद तीच ठेवून हवेचा अडथळा दहा टक्के कमी केलात, तर वेग साडेतीन टक्के वाढतो. म्हणजे नऊ किलोमीटर, आणि तेही इंजिनाला हात न लावता.

हा अडथळा बहुतांशी तुम्ही स्वतः आहात. कुणाला तरी समोर जमिनीलगत बसवा, स्टँडवरच्या गाडीवर धावताना झोपता तसे झोपा आणि फोटो काढून घ्या. फोटोत बहुतेकांचे कोपर गुडघ्यांच्या बाहेर दिसतात, खांदे काचेच्या वर दिसतात आणि पायांची बोटं बाहेर वळलेली असतात. हनुवटी टाकीवर टेकली पाहिजे, कोपर गुडघ्यांच्या आत, पावलांचा चवडा पेगवर आणि बोटं आत. मानेमुळे हनुवटी टाकीवर टेकवून पुढचं दिसत नसेल, तर उंच काच बसवा. सैल सूट वाऱ्यात फडफडतो, तोही वेग खातो. आरसे काढा.

बर्ट मन्रो या न्यूझीलंडच्या माणसाने 1967 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ‘इंडियन’ या अमेरिकी कंपनीची 1920 सालची स्काउट ताशी 295 किलोमीटरवर नेली. इंजिनावर त्याने आयुष्य वेचलं होतं, हे खरंच. पण ती गाडी उघडी असती तर तेवढ्या ताकदीवर त्या वेगाच्या जवळपासही गेली नसती. त्याने तिला आणि स्वतःला निमुळत्या कवचात घातलं होतं.

कवचाला मर्यादा आहे आणि ती जिवाशी आहे. 1950 च्या दशकात ग्रां प्रीच्या गाड्यांना पुढचं चाकसुद्धा झाकणारं फेअरिंग (बाहेरचं कवच) असायचं. मोटो गुझीची आठ सिलिंडरची 500 सीसी त्याच रूपात 275 पर्यंत गेली. पण आडवा वारा आला की अशी गाडी बाजूला ढकलली जाई, म्हणून 1957 च्या मोसमानंतर त्या फेअरिंगवर बंदी आली. घरी पत्रे नि फायबर लावून चाकं झाकायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर काढून टाका.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी थांबण्यावर खर्चा. 300 च्या वेगात गाडी सेकंदाला 83 मीटर जाते. उत्तम ब्रेक आणि कोरडी जमीन धरली, तरी थांबायला साडेतीनशे मीटर आणि ब्रेक दाबायचा निर्णय घेण्यात गेलेल्या सेकंदाचे ते 83 मीटर वेगळे. धावपट्टीवर मोजणीची रेषा कुठे आहे यापेक्षा तिच्यापुढे किती पट्टी उरते, हे आधी चालत जाऊन बघा.

ट्रॅक डेला (हौशी चालकांसाठी ट्रॅक खुला असतो त्या दिवशी) इन्स्ट्रक्टरनी पुढच्या टायरमध्ये 30 आणि मागच्यात 28 पीएसआय हवा ठेवायला सांगितली होती, ग्रिप छान मिळाली. पुढच्या महिन्यात धावपट्टीवर टॉप स्पीडचा दिवस आहे. तिथेही हीच ठेवू ना?

नाही. या महिन्यातल्या सगळ्या पत्रांत मला काळजी वाटली ती या पत्राची.

ट्रॅकवर थंड टायरमध्ये हवा कमी ठेवतात, कारण वळणांत आणि ब्रेकिंगमध्ये टायर तापतो, आतली हवा फुगते आणि दाब चार-सहा पीएसआयने वर जाऊन पाहिजे तिथे पोचतो. शिवाय तिथे एका वेगाला गाडी फार वेळ राहत नाही. धावपट्टीवर सगळं उलट. सरळ रेषा, सतत चढता वेग, आणि रबराचा तोच मधला पट्टा जमिनीला लागत राहतो. 300 ला मागचं चाक सेकंदाला बेचाळीसेक फेरे घेतं. म्हणजे रबराचा प्रत्येक भाग सेकंदाला बेचाळीस वेळा जमिनीवर दबतो आणि सुटतो. हवा कमी असेल तर प्रत्येक वेळी जास्त दबतो आणि आतून तापतो. वेग आणखी वाढला की दबलेला भाग पूर्ववत व्हायच्या आत पुन्हा जमिनीशी येतो, टायरच्या अंगावर लाट उभी राहते, आणि मग ट्रेड (टायरचा वरचा, खाचांचा थर) सुटायला वेळ लागत नाही. म्हणून टॉप स्पीडसाठी गाडीच्या पुस्तकात दिलेला पूर्ण दाब, बहुतेक स्पोर्ट गाड्यांना पुढे 36 आणि मागे 42, थंड टायरवर मोजून. टायर कंपनीने जास्त वेगासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो, पण यापेक्षा कमी कधीच नाही.

आता टायरची बाजू वाचा. एच म्हणजे 210 पर्यंत, व्ही 240, डब्ल्यू 270. डब्ल्यू कंसात छापला असेल तरच तो टायर 270 च्या पुढचा. चार आकड्यांचा शिक्का बघा: 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेड कितीही भरलेला असो, रबर कडक झालं असेल, खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसत असतील, तर मी त्या गाडीला धावपट्टीवर सोडत नाही. आणि पंक्चर काढलेला टायर टॉप स्पीडला चालत नाही, मग ते कुणीही आणि कसंही काढलेलं असो.

टायरबरोबर आणखी दोन बारीक वस्तू बघा. रिमवर चिकटवलेलं बॅलन्सिंगचं पाच ग्रॅमचं वजन 300 ला बाहेरच्या दिशेने सात-आठ किलोच्या जोराने ओढलं जातं. जुना डिंक तेवढं धरत नाही. रिम साफ पुसून नवीन वजन लावा आणि त्यावर अॅल्युमिनियमची टेप दाबून बसवा. दुसरी वस्तू व्हॉल्व्हचं टोपण. चाकाच्या वेगाने व्हॉल्व्हमधली पिनसुद्धा बाहेर ओढली जाते आणि हवा निसटू शकते. प्लॅस्टिकचं टोपण फक्त धूळ अडवतं. धातूचं, आत रबरी वॉशर असलेलं टोपण हवा अडवतं. रबरी व्हॉल्व्ह बोटाने वाकवून बुडाशी चीर आहे का तेही बघा.

220 च्या पुढे गेलं की माझी गाडी मागून डोलायला लागते. मित्र म्हणतात स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे हिसके शोषणारा दांडा) घट्ट कर.

डॅम्पर घट्ट केल्याने डोलणं थांबेलच असं नाही. कधी कधी वाढतंही. हँडल जलद थरथरणं हा एक आजार आणि अख्खी गाडी सावकाश डावी-उजवी डोलणं हा दुसरा. तुमचा दुसरा आहे आणि त्याची कारणं बहुधा मागच्या बाजूला सापडतात.

आधी मागचा टायर. रस्त्यावर वापरून मधे सपाट झालेला टायर हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. नंतर गाडी स्टँडवर घेऊन स्विंगआर्म दोन्ही हातांनी बाजूला ढकला, किंचित जरी खेळ लागला तरी बेअरिंग गेलं. मग पुढचं चाक अधांतरी ठेवून फोर्क खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. कट-कट लागली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे. हँडल सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या, मधोमध खाच लागली तर कोनसेट बदलायचाच. चाकांची रेषा चेन अॅडजस्टरच्या खुणांवर विसंबून ठेवू नका, दोरी लावून तपासा. मागे बॅग, बॉक्स, उंच कॅरियर असेल तर काढा. एवढं झाल्यावर सस्पेन्शनचा सॅग, म्हणजे स्वार बसल्यावर ते किती दबतं, तो मोजा. मागचा फार बसत असेल तर पुढचं टोक हलकं होतं आणि गाडी भरकटते.

आणि एक गोष्ट गाडीची नाही, हातांची. हँडल आवळून धरलं की स्वाराच्या अंगाचा हिसका सरळ फोर्कमध्ये जातो. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा. डोलायला लागलीच, तर थ्रॉटल झटकन सोडू नका, पुढचा ब्रेक खेचू नका. अंग खाली-पुढे ठेवून थ्रॉटल हळूहळू कमी करा. कारण सापडेपर्यंत त्या गाडीने 200 च्या पुढे जायचं नाही.

ट्रॅकवर तीन-चार लॅप झाले की ब्रेकचा लिव्हर हँडलपर्यंत येतो. नवीन पॅड टाकले, फरक नाही. थोडा वेळ थांबलो की पुन्हा ठीक.

पॅडचा दोष नाही, तुमचं ब्रेक ऑइल उकळतंय. 250 वरून 80 वर एकदा यायचं, तर गाडी आणि स्वार मिळून 270 किलो धरले की जी ऊर्जा जिरवायची असते, तिच्यात पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. थोडा वाटा हवा घेते, बाकीचा डिस्क आणि पॅड, आणि तिथून कॅलिपरमधलं ऑइल. लॅपमध्ये असं किती वेळा होतं ते मोजून बघा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पाणी शोषलं की हाच किमान आकडा 155 वर येतो. डॉट 5.1 चे आकडे 260 आणि 180. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि लिव्हर हातात येतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव, म्हणून तुम्हाला ‘ठीक’ वाटतं. ते ठीक नाही. पुढच्या सेशनला याच वळणावर पुन्हा तेच होईल.

सीलबंद डब्यातलं नवीन ऑइल घ्या, जुनं पूर्ण काढा, कॅलिपरच्या निपलमधून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ब्लीड करा. अर्धा वापरलेला, शेल्फवर वर्षभर पडलेला डबा वापरू नका. डॉट 5 हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे. 5 आणि 5.1 यांच्यात गल्लत करू नका आणि ते कशातही मिसळू नका. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्याने स्टीलच्या जाळीची ब्रेक होज बसवावी. पिस्टन बाहेर काढून साफ करा. अडकलेला पिस्टन पॅडला डिस्कवर सतत घासत ठेवतो आणि ब्रेक न लावताही ताप वाढतो.

ट्रॅकवर हिरवं कूलंट का चालत नाही?

त्यातलं ग्लायकॉल सांडलं की ते निसरडं असतं आणि वाळत नाही. पाणी सांडलं तर पुसून खेळ सुरू होतो, ग्लायकॉल सांडलं तर मागून येणारा पडतो. साधं शुद्ध पाणी आणि गंजरोधक द्रव घाला. हिवाळ्यात पाणी गोठतं अशा ठिकाणी गाडी ठेवत असाल, तर परत कूलंट भरायला विसरू नका, नाही तर इंजिनाला तडा जाईल.

लॉकवायर (बोल्ट फिरून सुटू नये म्हणून बांधायची तार) सगळीकडे बांधायलाच हवी का?

ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर आणि ऑइल भरायचं झाकण, या तीन ठिकाणी मी कुणालाच सूट देत नाही. वायर अशी बांधा की ती बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेने ओढेल. उलटी बांधलेली वायर दिसायला छान दिसते आणि काहीच धरत नाही. मी बोट लावून बघते आणि अशा गाड्या परत पाठवते. फिल्टरला भोक पाडता येत नाही, त्याला होज क्लिप लावून क्लिप वायरने बांधा. बांधायच्या आधी बोल्ट टॉर्क रेंचने बरोबर घट्ट केलेला असावा, ढिल्या बोल्टचं काम वायरने भागत नाही.

माझा मुलगा पहिल्यांदा ट्रॅक डेला जातोय. मला गाडीतलं काही कळत नाही. आई म्हणून मी काय तपासू शकते?

गाडी आम्ही तपासू. तुम्ही त्याला तपासा, आणि ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं कराल.

सूट चामड्याचा आणि एकसंध असावा. दोन तुकड्यांचा असेल तर कमरेला पूर्ण गोल झिपने जोडलेला. पाठीचा प्रोटेक्टर काढून बघा, त्यावर ईएन 1621-2 असं छापलेलं हवं, जमल्यास लेव्हल 2. बूट घोट्याच्या वर जाणारे. हातमोजे मनगटावर पट्ट्याने आवळलेले. घालून झाल्यावर तुम्ही जोर लावून ओढा, निघता कामा नयेत. आदल्या रात्री तो झोपलाय का आणि दिवसभर पाणी पितोय का, एवढं बघा. सूटमध्ये घाम फार जातो आणि दुपारच्या सेशनला लक्ष उडतं. त्याला नवशिक्यांच्या गटात नाव द्यायला सांगा. पिवळा आणि लाल झेंडा दिसला की काय करायचं, हे त्याला तुम्हाला समजावून सांगता आलं पाहिजे. अडखळला तर त्याला ते पुन्हा वाचायला बसवा.

हेल्मेटच्या पट्ट्यावर ईसीई 22.06 चं लेबल शोधा आणि पट्टा दोन कड्यांचा आहे का बघा. मग त्याला ते घालून पट्टा बांधायला सांगा. त्याच्या मागे उभ्या राहा, हेल्मेटची मागची खालची कड धरा आणि वर-पुढे ढकला, जणू डोक्यावरून पुढे काढायचंय. तो ‘दुखतंय’ म्हणेल, चालेल. डोकं पुढे वाकलं आणि हेल्मेट जागीच राहिलं तर माप बरोबर. हेल्मेट निघालं, किंवा कड त्याच्या डोळ्यांवर आली, तर ते मोठं आहे. मापाचं हेल्मेट मिळेपर्यंत त्याचा ट्रॅक डे पुढच्या तारखेवर ढकला.